डायनॅमिक तात्या

दोन मिनिटांचं काम वाचवण्यासाठी तीन दिवस खर्ची घालणारी माणसांची एक जात आहे. ही माणसं आळशी नसतात. आळशी माणूस ते काम उद्यावर ढकलून चहाला जातो. हे लोक चहा विसरतात, लाइट गेली तर इन्व्हर्टर टूंटूं करेपर्यंत माउस सोडत नाहीत, आणि चौथ्या दिवशी सकाळी लाल डोळ्यांनी सांगतात, "आता बघा. एका क्लिकमध्ये." पतपेढीत ही जात एक्सेलच्या आडोशाला राहते, शाळेत वेळापत्रकाच्या. मेढ्यात ती नकाशाच्या धंद्यात आहे आणि तिला सगळे तात्या म्हणतात. कॅड चालवणारी पोरं पाठीमागे 'डायनॅमिक तात्या' म्हणतात. हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं आहे. लेटरहेडवर छापायचंच काय ते बाकी आहे.

तात्यांचं ऑफिस खतांच्या दुकानावरच्या माडीवर. जिना चढताना युरियाचा वास, वर गेल्यावर गरम प्रिंटरचा. दोन संगणक, त्यातला एक चालू आणि दुसरा चालू असलेल्याला सुटे भाग पुरवायला. भिंतीवर जावळी तालुक्याचा नकाशा आहे. त्यात कोयनेचा शिवसागर जलाशय दर पावसाळ्यात थोडा मेढ्याकडं सरकतो, कारण त्या भिंतीला ओल आहे. घराचा आराखडा, ग्रामपंचायतीचा सभामंडप, कासच्या फुलांच्या भरवशावर निघालेला होमस्टे, हमरस्त्याकडेचे दुकानगाळे, सगळं इथं होतं. पण यातलं काहीही घेऊन तात्यांसमोर बसलात, तरी गाडी दोन मिनिटांत दारावर येते.

नकाशातलं दार म्हणजे तसं पाहिलं तर काहीच नाही. भिंतीत एक खंड, उघडी झडप दाखवणारी एक रेघ, आणि बिजागरीभोवती झडप फिरेल तेवढा पाव वर्तुळाचा कंस. शाळकरी पोरही काढेल. तात्या आयटीआयला ड्राफ्ट्समन सिव्हिल शिकले तेव्हा हे हिरव्या प्लॅस्टिकच्या टेम्प्लेटनं आणि रॉट्रिंग पेननं ट्रेसिंग पेपरवर काढत. मेढ्याच्या आषाढात ट्रेसिंग पेपर दमट होऊन कडेनं वळायचा, शाई वाळायची नाही आणि हाताची कड लागली की दाराला शेपूट फुटायचं. मग अर्ध्या ब्लेडनं खरवडायचं. जास्त खरवडलं की कागद विरायचा आणि अमोनिया प्रिंटमध्ये भलत्याच जागी डाग उमटायचा. हा डाग कसला, असं मालकानं विचारलं तर 'तुळस' असं सांगायची पद्धत होती. त्या काळात मेढ्याच्या पंचक्रोशीत बऱ्याच घरांच्या न्हाणीत तुळशी होत्या.

ऑटोकॅड अमेरिकेत १९८२ च्या डिसेंबरात बाजारात आलं. मेढ्याला ते सवडीनं पोचलं. त्यात ब्लॉक नावाची सोय होती. दार एकदा काढायचं, त्याला नाव द्यायचं आणि पाहिजे तेवढ्या वेळा ठेवत सुटायचं. अडचण एवढीच, की हा ब्लॉक हट्टी. तीन फुटी काढला तर तीन फुटीच राहणार, डावा काढला तर डावाच. म्हणून तात्यांच्या संगणकात दारांचं एक फोल्डर वाढत गेलं: 'दार ३ उजवं', 'दार ३ डावं', 'दार अडीच डावं', 'दार अडीच डावं नवं', 'दार अडीच डावं नवं फायनल', आणि त्याखाली 'हे वापरू नये'. सगळ्यात जास्त वापर शेवटच्याचा होई.

मग ऑटोकॅडची २००६ ची आवृत्ती आली, जी कंपनीनं २००५ मध्येच काढली होती, आणि तिच्यात डायनॅमिक ब्लॉक होता. दाराला निळ्या खुणा फुटतात. एक ओढली की दार रुंद होतं, दुसऱ्या बाणावर टिचकी मारली की डावीकडचं उजवीकडं जातं. एकच दार, सगळी दारं त्याच्या पोटात. ही आवृत्ती तात्यांच्या टेबलावर कुठल्या मार्गानं आली ते विचारू नये. जावळीत शिरायच्या वाटा चंद्रराव मोऱ्यांच्या काळापासून सगळ्यांना सांगत नाहीत.

त्या दिवसापासून तात्यांचा संसार दोन ठिकाणी झाला.

वाचकाला वाटेल, खूण ओढली आणि दार वाढलं, यात तीन दिवस लागण्यासारखं काय आहे? तात्यांना हाच प्रश्न विचारून पाहा. पण संध्याकाळची शेवटची एसटी चुकली तरी चालेल अशा दिवशीच विचारा. ते ब्लॉक एडिटर उघडतील. पडदा करडा होईल. "हे बघा, दार आडवं ओढलं की चौकटीचा पलीकडचा उभा सरकला पाहिजे. त्याला स्ट्रेच लावला. सरकला. पण झडप उघडी काढलीय ना, ती भिंतीला काटकोनात उभी. ओढतोय आडवं, वाढायला पाहिजे उभं. कसं करणार?" इथं ते थांबतात. उत्तर तुम्ही द्यायचं नसतं. "स्ट्रेचच्या गुणधर्मात कोन असतो. तिथं ९० टाकायचे." झडप वाढते. तात्या खुर्चीत मागे रेलतात, आणि तुम्ही उठायला लागता. "बसा. कंस राहिला."

कंस हे तात्यांच्या आयुष्यातलं मोठं प्रकरण आहे. कंसाचं एक टोक स्ट्रेचनं ओढलं तर त्याचं पाव वर्तुळ राहत नाही, झडप आणि चौकट यांच्यामध्ये तो कसाबसा लोंबकळतो. त्याला स्ट्रेच चालत नाही, स्केल लावावा लागतो. आणि स्केलचा आधारबिंदू बरोबर बिजागरीवर धरावा लागतो. तो इंचभर इकडंतिकडं झाला की दार मोठं करताना कंस घर सोडून ओढ्याच्या दिशेनं निघतो. पहिल्या वेळी तात्यांचा कंस असाच निघाला. तो परत आणेपर्यंत घरून जेवणाचा डबा दोनदा आला आणि दोनदा तसाच गेला. दुसऱ्यांदा डब्याबरोबर निरोप होता, "कंसाला विचारा, रात्री झोपायला तरी घरी येणार का." हा निरोप ज्या पोरानं आणला ते पोरगं आजही ऑफिसात कामाला आहे, आणि तो निरोप त्यानंच अख्ख्या बाजारपेठेत पोचवला असा तात्यांचा संशय आहे.

इथवर सगळं एका बाजूला धरलं तर तात्या नुसते छंदिष्ट ठरतील. तसं नाही. त्यांना गिऱ्हाईकच तसं मिळालंय.

जावळीचं अर्धं बिऱ्हाड मुंबईत असतं. आधी गिरण्या आणि गोद्या, मग वाशीचा बाजार. माथाडी कायदा १९६९ चा. पाठीवरच्या पोत्याला त्यानं पगाराचं आणि फंडाचं खातं मिळवून दिलं, आणि त्या फंडातून गावाकडं स्लॅब पडू लागले. घर गावात, मालक वाशीत, मालकाचा भाऊ घणसोलीत, आणि मेव्हणा फोनवर. निर्णय रात्री बाजार आटोपल्यावर होतात आणि तात्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पोचतात. "तात्या, बेडरूमचं दार डावीकडं घ्या." पंधरा मिनिटांनी, "मंडळी म्हणतात उजवीकडंच बरं हुतं." सकाळी, "मेव्हण्यानं वास्तूचा व्हिडिओ पाठवलाय. बघून घ्या." तात्या व्हिडिओ बघत नाहीत. बाणावर टिचकी मारतात. ज्या गावात घराचा मालक वर्षातून एकदा यात्रेला आणि एकदा मे महिन्यात उगवतो, तिथं दार भिंतीत नसतं, फोनमध्ये असतं. आणि फोनमधलं दार फिरवायला फिरतंच दार लागतं. हे साताऱ्याच्या आणि पुण्याच्या आर्किटेक्टांना उशिरा कळतं. ते नकाशा 'फ्रीज' झाला असं म्हणतात. मेढ्यात स्लॅब पडल्यावरही नकाशा फ्रीज होत नाही.

तात्यांचं चुकतं ते पुढं. एका दाराची सोय झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता.

एकदा केळघरकडचा एक गडी आला.

"तात्या, चौकट जुनीच बसवायची. आज्यानं लावल्याली हाय. सागवान."

"किती फुटी?"

"पावणेतीन. वर बोटभर."

"बोटभर म्हणजे?"

"आज्याच्या बोटाएवढं."

तात्यांच्या ब्लॉकमध्ये दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत तीन-तीन इंचांच्या पायऱ्या होत्या. खूण ओढली की दार पावणेतीनवर बसे किंवा तिनावर, मध्ये कुठं उभं राहत नसे. बाजारात मिळणाऱ्या चौकटींच्या मापाला हे धरून होतं. पण या गड्याचा आजा बाजारात गेलाच नव्हता. तात्यांना पावणेतीन लिहून वर शेरा मारता आला असता, 'चौकट जागेवर मोजून बसवावी'. दुसऱ्या कुणीही तेच केलं असतं. तात्या टेप घेऊन एसटीनं त्याच्या गावी गेले, पाडलेल्या घराच्या परड्यात ताडपत्रीखाली ठेवलेली चौकट मोजली, आणि ती दोन फूट नऊ इंच तीन सूत भरली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराच्या जगात यापेक्षा बारीक फारसं काही नसतं आणि तात्यांच्या जगात तोवर इतकं बारीक काही नव्हतं. परत येऊन त्यांनी ब्लॉकची पायरी एका सुताची केली. दोन ते चार फूट म्हणजे २४ इंच, म्हणजे १९२ पायऱ्या. आता दाराची खूण पकडली की पायऱ्यांच्या खुणा एकमेकींना इतक्या खेटून उमटतात, की दारासमोर नुसता काळा उंबरा दिसतो. गड्याचं दार मात्र तीन सुतांवर बरोबर बसलं. चौकटीची उंची सव्वापाच फूट होती. त्या घरात मुंबईची नवी सून पहिल्यांदा आली तेव्हा वाकायचं राहिलं आणि कपाळाला टेंगूळ आलं, पण उंची हा प्लॅनचा विषय नाही, तो सेक्शनचा, असं तात्यांचं म्हणणं पडलं.

याच चौकटीवरून सुतार मिस्त्रींशी त्यांची गाठ पडली आणि दाराच्या इतिहासात पावसाळा शिरला. मिस्त्री म्हणाले, "मे महिन्यात बसवतोय, म्हणून झडपेला दोन सूत खेळ ठेवलाय. श्रावणात तेवढा पाऊस खातोय." लाकूड ओल धरून फुगतं ते रुंदीत, उंचीत फारसं नाही. मेढ्याला पावसाची कमतरता नसल्यानं जुलै लागला की गावातली निम्मी दारं चौकटीला चिकटतात. मग कुणी खांदा लावतो, कुणी लाथ, कुणी मिस्त्रींना बोलावून रंधा मारून घेतो. आणि रंधा मारणारा दिवाळीत पस्तावतो, कारण तोवर दार सुकून फटीतून मांजर येतं. मिस्त्रींना हे पाठ होतं. तात्यांच्या डोक्यात मात्र तिथल्या तिथं पॅरामीटर तयार झाला.

"मिस्त्री, म्हणजे एकाच दाराची दोन मापं झाली. उन्हाळी आणि पावसाळी."

"व्हय."

"मग नकाशात दोन्ही दिसायला पायजेत."

"तात्या, कागदावरचं दार भिजतंय व्हय?"

तात्यांनी हे ऐकलं नाही. शंभराच्या स्केलला दोन सूत म्हणजे कागदावर बारीकात बारीक रेघेच्या जाडीपेक्षाही कमी, हे त्यांना माहीत होतं. ते कुणाला दिसणार नाही, हेही माहीत होतं. पण ही जात दिसण्यासाठी काम करत नाही. ब्लॉकला व्हिजिबिलिटी नावाची सोय असते: यादीतून नाव निवडायचं आणि दाराचं तेवढंच रूप दाखवायचं, बाकीची लपवायची. तात्यांकडे त्यात एकझडपी, दोनझडपी, सरकतं, घडीचं, जाळीचं आणि नुसतीच मोकळी चौकट अशी सहा रूपं होती. आता ऋतूंची वेगळी यादी करायला गेले तर ऑटोकॅडनं नकार दिला. एका ब्लॉकला व्हिजिबिलिटी एकदाच मिळते. हा नियम कॅलिफोर्नियातल्या कंपनीनं केला आहे, आणि त्या लोकांनी मेढ्याचा श्रावण पाहिलेला नाही. तात्यांनी सहा रूपं गुणिले दोन ऋतू अशी बारा नावं एकाच यादीत घातली. 'मोकळी चौकट – पावसाळी' हे त्यातलंच. मोकळ्या चौकटीत पावसाळ्यात काय फुगतं, असं ऑफिसातल्या पोरानं विचारलं तेव्हा त्याला झेरॉक्स आणायला पाठवण्यात आलं.

तेरावं रूप मात्र कुणी हसू नये असं आहे. एका वाडीतल्या दोन भावांचं एकत्र घर तात्यांनी काढून दिलं होतं: पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं परडं, सोप्यातून दोन्हीकडं जाणारी दारं. चार वर्षांत भाऊ वेगळे झाले आणि वाटणीचा नकाशा काढायला तात्यांकडंच आले. पहिलं काम मधलं दार बुजवायचं. त्यानंतर दुसऱ्या घराचं आलं, मग तिसऱ्या. प्रत्येक वेळी दार खोडायचं, भिंतीच्या रेघा जोडायच्या, विटांची तिरकी रेघाटी भरायची. तात्यांनी यादीत 'वाटणी' असं नाव घातलं. ते निवडलं की दार जातं आणि त्या जागी भिंत येते, भिंतीच्या जाडीनुसार: साडेचार इंच, नऊ इंच किंवा जुनी दीड फुटी दगडी. परत 'एकझडपी' निवडलं की दार येतं. "दोघांच्या पोरांची लग्नं निघाली की उघडत्यात," तात्या म्हणतात, "म्हणून खोडायचं नाही, झाकायचं." तलाठ्यापासून वकिलापर्यंत बऱ्याच जणांना वाटणीचा धंदा कळतो, पण दार परत उघडायची सोय ठेवणारा मी दुसरा पाहिला नाही.

मात्र असं दार सांभाळून वापरावं लागतं, आणि जग तसं वापरत नाही. तात्यांच्या याच दाराचा एक ब्लॉक मिलिमीटरमध्येही होता, ९०० चा. पोरानं तो एकदा इंचांच्या फाइलमध्ये तसाच टाकला. ९०० इंच म्हणजे ७५ फूट. अर्ध्या गुंठ्याच्या घरकुलाला ७५ फुटी न्हाणीचं दार लागलं. त्याचा कंस शेजाऱ्याच्या गोठ्यावरून फिरून रस्त्यावर येत होता. वासोट्यालाही एवढा दरवाजा नाही. हे निदान हसण्यावारी गेलं.

दुसरं गेलं नाही. साताऱ्याच्या एका इंजिनिअरकडं तात्यांची फाइल गेली होती. तिथल्या पोराला एका दारावर निळ्या खुणा दिसल्या, काहीतरी बिघडलंय असं वाटलं, आणि त्यानं सगळं निवडून एक्स्प्लोड मारला. एक्स्प्लोड म्हणजे ब्लॉकचं सामान सुटं करणं. दारं जागच्या जागी तशीच दिसतात, पण रेघ रेघेला ओळखत नाही. ओढायला खूण नाही, फिरवायला बाण नाही, ऋतू नाही, वाटणी नाही. फाइल परत आली. तात्यांनी एका दारावर टिचकी मारली. झडप एकटीच निवडली गेली. दुसऱ्या दारावर मारली. कंस एकटाच. ते बराच वेळ एकेका दारावर टिचकी मारत राहिले, हॉस्पिटलात नातेवाइकाची नाडी बघावी तसे. मग इंजिनिअरला फोन लावून अत्यंत शांतपणे म्हणाले, "साहेब, तुमच्याकडं कुणी दार फोडलं का हो?" साहेबांना ऑफिसात चोरी झाल्याचं वाटलं आणि ते शटर बघायला खाली धावले.

या प्रकारानंतर तात्यांनी ब्लॉक करताना 'एक्स्प्लोड करू द्यावा' या चौकोनातली खूण काढून टाकली. ती सोय आधीपासून होती. पण ती चौकोनाची खूण काढणं म्हणजे लोकांवर अविश्वास दाखवणं, असं त्यांना तोवर वाटत होतं.

तात्यांचे दर अजूनही चौरस फुटावर आहेत. दाराचे वेगळे पैसे ते घेत नाहीत, कारण दाराला लागलेला वेळ बिलात धरला तर तेवढ्यात गिऱ्हाइकाचं घर उभं राहील. शेजारच्या गाळ्यातला पोरगा नेटवरून फुकट मिळालेली दारं वापरतो आणि तात्यांच्या निम्म्या वेळात नकाशा देतो. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. पोराला कळतो. वाशीवरून तिसऱ्यांदा फोन आला, की तो जिना उतरून खतांच्या दुकानावरचा जिना चढतो आणि दारात उभा राहून म्हणतो, "तात्या, ते तुमचं फिरतं दार जरा पेनड्राइव्हवर..." तात्या देतात. देताना एक तास समजावून सांगतात. ब्लॉकची फी ही एवढीच आहे आणि पोरगं ती निमूटपणे भरतं.

परवा मी गेलो तेव्हा ते त्याच केळघरकडच्या गड्याशी बोलत होते. घर बांधून झालंय, आता रस्त्याच्या अंगाला सोप्याचं दुकान करायचं म्हणतोय. पुतण्या मुंबईहून कायमचा परत आलाय, त्याला मोबाइल रिपेअरिंग टाकून द्यायचं. म्हणजे आज्याची सागवानी चौकट काढायची, तिथली भिंत पाडायची. मी म्हटलं, तात्या आता चिडणार. त्या तीन सुतांसाठी हा माणूस एसटीनं गेला होता.

"मग दार नको?" तात्यांनी विचारलं.

"नको. शटर टाकायचं."

तात्यांनी चष्मा वर केला. पडदा करडा झाला होता. ब्लॉक एडिटर उघडलेला होता आणि त्यात काहीच नव्हतं.

"गुंडाळी आतल्या अंगाला का बाहेरच्या?" ते म्हणाले. "आणि किती फुटी? सुतापर्यंत सांगा."